धोंड्याच्या महिन्यात मागितलेली गाडी

मामा,

तुम्ही होता तोवर मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. पोस्टकार्ड तुमची लेक लिहायची आणि शेवटी कोपऱ्यात जागा उरलीच तर "यांचा नमस्कार" एवढं घालायची. जावयानं सासऱ्याला लिहायचं तरी काय, आणि माझं शिक्षण हे असं, सातवीच्या परीक्षेआधीच सुटलेलं. जोडाक्षर आलं की अजून हात थांबतो. पण आज घरातल्या सगळ्या बायका स्वयंपाकघरात आहेत, पुरण शिजतंय आणि मला कुणी काही काम सांगत नाही. मघाशी एकदा उठून विचारलं, तर तुमची लेक म्हणाली, तुम्ही बसा निवांत. मला निवांत बसता येत नाही हे तिला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, असं नाही. धोंड्याचा महिना आहे. उद्या आमचे जावई येणार आहेत. पुरणाचा वास आला आणि तुमचं शिरूरचं अंगण आठवलं, तो लिंब, त्याच्याखाली दगडांवर चढवलेली ती लांबलचक काळी गाडी, आणि तिच्याखालून बाहेर आलेले तुमचे पाय. तुमचा चेहरा आठवायच्या आधी मला तुमचे पायच आठवतात, काय करू.

ती गाडी जहागीरदारांची होती. तुम्ही त्यांचे ड्रायव्हर. जहागिरी गेली, ते पुण्याला राहायला गेले, मुलांनी नवी लहान गाडी घेतली आणि ही विलायती थोरली तुमच्या दारात सोडून गेले. आत लाकडी फळीवर घड्याळांसारख्या तबकड्या, कातड्याच्या बैठका, मागच्या काचांना पडदे, आणि दाराजवळ फूल खोचायची काचेची एक नळी. पण माझं लग्न झालं तेव्हाच ती म्हातारी झाली होती. सुटे भाग शिरुरात मिळायचे नाहीत, पुण्यातही नाहीत, मग जे घरात असेल ते तिला लागायचं. रेडिएटर गळायला लागला की तुम्ही त्यात मूठभर हळद टाकायचा. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली की कपडे धुवायचा साबण बोटानं दाबून बसवायचा. ब्रेकमध्ये घाण्यावरचं एरंडेल. खाली घसरणाऱ्या काचेला बाभळीची पाचर. मामी म्हणायच्या, "माझी हळद पयली तिच्या पोटात, मग राहिली तर आमटीत." तुम्ही हसायचा नाहीत. तुम्ही म्हणायचा, "आमटी काय, पायी बी चालती." याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण मामी गप्प बसायच्या.

मला त्या दुरुस्तीत कधीच हात लावू दिला नाहीत. मी आलो की लिंबाखाली बाज टाकायची, त्यावर वाकळ, हातात चहा. मी नुसता पाना उचलून द्यायला वाकलो तरी तुम्ही गाडीखालून ओरडायचा, "पाव्हणं, ठेवा त्यो! जावयाला कामाला लावलं म्हंत्याल लोक मला." म्हणून मी बसायचो आणि माझा जीव टांगणीला. ते दगड सरकले तर? मी चहा संपवून हळूच उठायचो आणि चाकामागं आणखी एक धोंडा लावून यायचो. तुम्ही बाहेर आलात की तो लाथेनं उडवायचा. मला वाटतं, भित्रा जावई मिळाला हे तुम्ही पहिल्याच दिवाळीला ओळखलं होतं. माझी नोकरीही तशीच, दौंडला रेल्वेच्या फाटकावर. गाडी यायच्या आधी फाटक लागलं पाहिजे, एवढंच काम. पण लागलं का, नीट लागलं का, हे मी ड्यूटी संपून घरी आल्यावरही मनातल्या मनात जाऊन बघत असे. अजून बघतो.

लग्नसराईत तुमच्या गाडीला उसंत नसायची. सगळ्या टापूत नवरदेवाला बसायला तशी गाडी दुसरी नव्हती. एका वर्षी माझ्या मावसभावाचं लग्न होतं. नवरदेव राहू गावचा, मुलगी भांडगावची. तुम्ही आदल्या दिवशी वडगाव रासाईच्या उतारानं नदीतून गाडी घालून राहूला आला होतात. उन्हाळ्यामुळे पाणी थोडंच होतं, पण पुढची चाकं बुडालीच. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलं असणार म्हणून तुम्ही कुणाच्या तरी बैलगाडीचं वंगण मागून त्यात भरलंत. मी जवळच उभा होतो. बैल चालतो त्या वेगाचं वंगण मोटारीच्या चाकाला कसं पुरेल, असं माझ्या मनात आलं. पण मला त्यातलं काय कळतं, म्हणून बोललो नाही.

निघालो. मी पुढं तुमच्याशेजारी, मागं नवरदेव, करवली आणि मुंडावळ्या सांभाळणारी एक म्हातारी. सोलापूर रस्त्याला लागलो आणि डाव्या चाकातून घर्रघर्र सुरू झाली. मी म्हणालो, "मामा, चाक वाजतंय." तुम्ही समोर बघत म्हणालात, "काळजी नगा करू, येळंत पोचतो." मी पुन्हा सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. एवढ्यात मागून ट्रक आला. तो हॉर्न देतोय, देतोय, आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध, नवरदेव मिरवावा तशा चालीनं. करवलीनं कानांत बोटं घातली. शेवटी तो ट्रक कडेच्या मातीत उतरून आमच्या डाव्या अंगानं पुढं गेला, माझ्या कोपराला वारा लागला. क्लीनर अर्धा बाहेर लोंबकळून ओरडला, "ए म्हाताऱ्या, रस्ता सासऱ्यानं आंदन दिलाय व्हय?" तुम्ही दचकलात. गाडी सावरलीत, धूळ खाली बसू दिलीत आणि मला म्हणालात, "बघा पाव्हणं. हॉर्न न देता अंगावर येत्यात हल्ली."

मागं करवली हसली. मला हसू आलं नाही. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. माझ्या फाटकावर माणूस थांबतो, कारण फाटक दिसतं. पण आमच्या तालुक्यात गावाकडं जाणाऱ्या कितीतरी वाटा रूळ ओलांडून जातात आणि तिथं फाटकच नाही. तिथं माणूस कान देतो आणि मग जातो. त्या जागी तुम्ही काय देणार होतात? आणि मागं दर खेपेला कुणाचा तरी नवरदेव.

त्याच वर्षी धोंड्याचा महिना लागला तशी लग्नं थांबली आणि गाडी लिंबाखाली दगडांवर चढली. महिना संपला की पुन्हा सुपाऱ्या सुरू, म्हणून तुम्ही दिवसभर तिलाच लागलेले. आम्ही दोघं धोंड्याच्या जेवणाला शिरूरला आलो त्या दिवशी तुम्ही इंजिन चालू ठेवून बॉनेटवर ओणवे झाला होतात. स्क्रू पिळायच्या लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलेलं, मूठ दातांत धरलेली, डोळे मिटलेले. मी तुम्हाला तसं आधीही पाहिलं होतं आणि मोठ्या उस्तादांची काही रीत असेल, असं समजत होतो. मामी मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावून, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "पाव्हणं, पयलं ते पेचकस कानाला लावायचं. आता दातात धरत्यात. मी काय म्हणते ते कळलं न्हवं?"

कळलं होतं. भांडगावच्या रस्त्यावरच कळलं होतं. मी म्हणालो, "तुम्हीच सांगा की त्यांना, गाडी बंद करा म्हणून."

"मी सांगितलं तर दोन दिस जेवायचं न्हाईत, आन् तिसऱ्या दिशी गाडी काढतील."

तुमची लेक धोंडे वळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तुम्ही मागा गाडी. धोंड्याच्या महिन्यात जावयानं तोंड उघडलं आन् आबांनी न्हाई म्हटलं, असं व्हायचं न्हाई."

"मी? मला कुठं चालवाया येती?"

"तेच बरं हाय. उभी राहील."

मी म्हणालो, मामा काय म्हणतील, हावरट म्हणतील. मामींनी माझ्याकडं पाहिलं. त्या कधी माझ्याकडं सरळ बघत नसत. "म्हणू द्या," त्या म्हणाल्या. "हावरट म्हटलेलं माणूस घरी तरी येतंय."

जेवायला अंगणातच पाट मांडले होते. ताटात धोंडे, वाटीत तूप, शेजारी तांब्याचा दिवा आणि माझ्यासाठी नवा पोशाख. तुम्ही हात धुऊन आलात तरी नखांत वंगण होतंच. रीतीप्रमाणं म्हणालात, "गोड मानून घ्या पाव्हणं. काही कमी पडलं तर सांगा." हीच ती वेळ होती. मी खाली मान घालून म्हणालो, मामा, मला गाडी द्या. तुम्ही म्हणालात, "काय?" मी पुन्हा म्हणालो. तुम्ही तुपाची वाटी पुढं सरकवलीत. दारात तुमची लेक उभी होती, तिनं मला डोळ्यांनी खुणावलं. मग मी, ज्यानं आयुष्यात कधी गाडीवानावरही आवाज चढवला नव्हता तो मी, अंगणाच्या मधोमध बसून ओरडलो, "मला गाडी पायजे! तुमची मोटार! पायजे मला!"

शेजारचे आप्पा भिंतीवरून डोकावले. "आरं तिच्या," ते म्हणाले. "आमचा जावई आंगठीवर भागला की! पाव्हणं, लिंब बी मागून घ्या, सावलीला व्हईल." पलीकडच्या दारातून बायका हसल्या. मामी आत गेल्या. माझा घास हातातच होता आणि तो कुठं ठेवावा हे मला कळेना. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग उठलात, खुंटीवरची किल्ली काढलीत, धोतराच्या सोग्याला पुसलीत आणि माझ्या ताटात, धोंड्यांच्या शेजारी ठेवलीत. "मला वाटायचं, तुम्हाला तिचं भ्या वाटतंय," एवढंच म्हणालात. आणि पुन्हा जेवायला बसलात. पण तूप घेतलं नाहीत.

मला वाटलं, आता तुम्ही माझ्याशी बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजेवर बसलो, तर चहा आलाच नाही. गाडीखालून तुमचा आवाज आला, "पाव्हणं, बसलाय काय? गाडी आता तुमची हाय. या खाली."

मी नव्या पोशाखासकट गाडीखाली गेलो. मामा, इतक्या वर्षांत त्या गाडीचा खालचा भाग मी पहिल्यांदा पाहिला. वर सगळं चकचकीत, जवसाच्या तेलानं पुसलेलं लाकूड, आणि खाली तारा, चिंध्या, सुतळी, चांभाराकडून कापून आणलेल्या चामड्याच्या चकत्या. एवढ्यावर आपण नवरदेव नेत होतो. तुम्ही मला एकेक दाखवलंत. हे सैल होतं, हे पिळायचं, हे पिळायचं नाही, इथं साबण दर महिन्याला. मी सगळ्याला व्हय म्हणत होतो आणि अर्धं विसरत होतो. मग पुढच्या चाकाशी आलो. तुम्ही चाक हातानं फिरवलंत, पेचकस आसाला टेकवलात आणि मूठ माझ्या तोंडाशी धरलीत. "डोळे मिटा. दात आवळू नगा, निसतं टेकवा." आधी मला माझ्या काळजाचे ठोकेच ऐकू आले. मग कपाळाच्या आत कुणीतरी जात्यावर वाळू दळावी तसा आवाज आला. भांडगावच्या रस्त्यावरचाच तो, घर्रघर्र.

मी पेचकस तुम्हाला दिला. तुम्ही मूठ दातांत धरलीत, चाक फिरवलंत, थांबलात, पुन्हा फिरवलंत. "हे कवापासनं?"

"भांडगावाला जाताना होतं," मी मोठ्यानं म्हणालो.

"तवा सांगायचं न्हाई?"

मी तुमच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणालो, "सांगितलं होतं, मामा."

चाक काढलंत, बेअरिंग घासलेटाच्या डब्यात टाकलंत आणि चिंधीनं एकेक गोळी पुसत बसलात. त्या गोळ्यांना खड्डे पडले होते. तुम्ही एक गोळी उन्हात धरून बोटांत फिरवत राहिलात, खूप वेळ. मीही एक गोळी उचलली आणि पुसू लागलो. तुम्ही "ठेवा ती" म्हणाला नाहीत.

बेअरिंग कुठून तरी जमवून बसवलंत आणि गाडी दौंडला न्यायचं ठरलं. तुम्ही मला शिरूरबाहेरच्या माळावर काही दिवस शिकवलंत. मी भिऊन पाय उचलायचो आणि गाडी ढेकळावर बंद पडायची. तरी निघालो एकदाचे. मी स्टिअरिंगवर, तुम्ही माझ्या जागी. बायका मागं पडद्यात. बैलगाड्या आम्हाला ओलांडून जात होत्या, त्यातल्या एकानं विचारलं, "दोरी देऊ का बांधाया?" न्हावऱ्याच्या पुढं शेळ्यांचा कळप आडवा आला. तुम्ही म्हणालात, "हॉर्न द्या, पाव्हणं, हॉर्न द्या." मी दिला. शेळ्या पांगल्या. तुम्ही पुढच्या लाकडी फळीवर हात पालथा ठेवला होता, तो तसाच ठेवून, माझ्याकडं न बघता, हळू आवाजात विचारलंत, "वाजला का?"

"वाजला, मामा."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात.

त्यावरून मला वाटतं की तुम्हाला सगळं कळलं होतं. आणि मग वाटतं, नाही. कारण त्यानंतरही तुम्ही दर महिन्याला एस.टी.नं दौंडला यायचात, मामींनी दिलेली हळदीची पुडी आणि एरंडेलाची बाटली पिशवीत घेऊन. माझ्या क्वार्टरशेजारी उभ्या असलेल्या गाडीखाली जायचात आणि मीही तुमच्याबरोबर. मी ती बाजारापलीकडं कधी नेली नाही. तरी तुम्ही ती अशी ठेवायचात जशी उद्याच वरात निघणार आहे. माझ्या शेजाऱ्यांना तुम्ही एकदा सांगत होतात, "आमच्या पाव्हण्यांना गाडीची लई हौस. मागूनच घेतली." ते मी फाटकावरून ऐकलं. तो टोमणा होता, की चारचौघांत तुम्ही मला झाकत होतात, की तुमचाच खरोखर तसा समज होता, यावर मी इतकी वर्षं विचार केला आहे. शिरूरला तुमच्या गल्लीत मी शेवटपर्यंत मोटार मागणारा जावई राहिलो. तुमच्या दहाव्याला नदीवर आप्पांनी कुणाला तरी माझी ओळख तशीच करून दिली. मी नमस्कार केला. काय सांगणार होतो? सांगायचं तर तुमचे कान गेले होते हे सांगावं लागलं असतं, आणि ते तर कुणाला कळू नये म्हणूनच एवढं सगळं केलं.

तुमच्यामागं गाडी उभीच राहिली. मागच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालायच्या. माझी बदली झाली तेव्हा मोडवाला भंगारात घेऊन गेला. पेचकस मी ठेवला.

मामा, मघापासून स्वयंपाकघरात तुमची लेक आणि माझी लेक हळू आवाजात बोलत आहेत. निदान मला वाटतं, बोलत आहेत. ओठ हलतात, मी दारात गेलो की थांबतात. मागच्या महिन्यात बाजारात मी स्कूटर वळवली आणि एका टेम्पोवाल्यानं खाली उतरून माझी गचांडी धरली. मी त्याला म्हणालो, हॉर्न द्यायचा होतास. आजूबाजूची माणसं ज्या नजरेनं माझ्याकडं बघत होती ती नजर मला ओळखीची होती. जावई भला माणूस आहे, बँकेत आहे, त्याला चारचाकी आहे. माझी जुनी स्कूटर त्याला कशाला हवी? पण उद्या पाटावर बसला की तो ती मागेल. मागताना बिचाऱ्याच्या तोंडाला कोरड पडेल. आणि मला पहिल्यांदा ऐकू येणार नाही, मग त्याला ओरडावं लागेल.

सकाळी मी स्कूटर चालू केली आणि तुमचा पेचकस इंजिनाला टेकवून दातांत धरून पाहिला. अगदी स्वच्छ ऐकू येतं, मामा. काही बिघडलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा खरं ते लिहितो. तुम्ही किल्ली पुसून ताटात ठेवली होतीत. मी माझी मघाशी ज्वारीच्या डब्यात खोल खुपसून आलो आहे, आणि ती अजून तिथंच आहे का, ते बघायला आता उठतो.